दोन झडपांचा फाळका

नाशिकहून हरसूलला जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक त्र्यंबकेश्वरवरून जातो. दुसरा गिरणारे, धोंडेगाव मागे टाकीत वाघेऱ्याचा घाट ओलांडतो. अंतर दोन्हींकडून पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या घरात. मोटारीने जाणाऱ्याला कोणताही मार्ग चालतो. मालाची गाडी घेऊन निघणाऱ्याला मात्र तिथी आणि वार पाहावे लागतात. श्रावणी सोमवारी, त्यातही तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लोटणाऱ्या गर्दीत साखरेची पोती घेऊन अडकण्याची हौस कोणत्याच व्यापाऱ्याला नसते. त्या दिवसांत वाघेऱ्याची वाट बरी.

ही वाट भूगोलाच्या दृष्टीनेही पाहण्यासारखी आहे. गंगापूर आणि काश्यपी धरणांचा मुलूख मागे पडेपर्यंत पडणारे पाणी गोदावरीचे असते; ते पूर्वेला वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. वाघेऱ्याचा घाट उतरला की पाणी दिशा बदलते. हरसूलकडचे ओढे-नाले दमणगंगेच्या खोऱ्यात जातात आणि अरबी समुद्राला मिळतात. पाण्याप्रमाणे पाऊसही बदलतो. नाशिक शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्र्यंबकेश्वर-पेठच्या डोंगरपट्ट्यात तो दोन हजारांच्या आसपास जातो. म्हणजे सकाळी नाशिकच्या पेठेत कोरड्या रस्त्यावर भरलेली गाडी दीड-दोन तासांत अशा प्रदेशात शिरते, जिथे पाऊस वरून पडतो तसाच समोरून येतो आणि घाटाच्या वळणावर पाठीमागूनही येतो. या पाठीमागून येणाऱ्या पावसाचा आणि गाडीच्या मागच्या दाराचा संबंध हाच या लेखाचा विषय आहे. विषय लहान वाटेल. पण ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या तराजू आहे, त्यांना भिजलेल्या पोत्याची किंमत सांगावी लागत नाही.

हरसूल हे आज त्र्यंबकेश्वर तालुक्यातले मोठे बाजाराचे गाव. पूर्वी ते पेठच्या मुलखात मोडत असे. कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर, कातकरी अशा समाजांची वस्ती सभोवार पसरलेली. वाघेरा, तोरंगण, ठाणापाडा इकडच्या पाड्यांची माणसे आठवड्याच्या बाजाराला इथे येतात. पश्चिमेला गुजरातची सीमा जवळ, दक्षिणेला मोखाडा आणि जव्हार. त्यामुळे बाजारात कानावर पडणारी भाषाही एका साच्याची नसते. गावात येणारा माल ठराविक : मीठ, साखर, गूळ, तेलाचे डबे, चहा, तूरडाळ, मिरची, साबण, कापड, पत्रे, खते, बियाणे. गावातून जाणारा माल ऋतूप्रमाणे : भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी आणि उन्हाळ्यात आंबे. येणारा बहुतेक माल पाण्याने बिघडणारा, आणि जाणाराही तसाच. असा योग सर्वच बाजारगावांच्या नशिबी नसतो.

बाजारपेठ म्हटली की तिचा इतिहासही येतो, आणि तो नेहमी सुखाचा नसतो. १८५७ च्या डिसेंबरात त्र्यंबक आणि पेठ या भागांत उठाव झाला, तेव्हा हरसूलचा बाजार लुटला गेला. पुढे पेठच्या भगवंतराव नीळकंठरावांना इंग्रजांनी फाशी दिले. नाशिक जिल्ह्याच्या १८८३ सालच्या इंग्रजी गॅझेटियरात या घडामोडींची हकीकत आहे. व्यापाऱ्याच्या वहीत तिचा एवढाच अर्थ नोंदवता येईल की डोंगरातला बाजार हा विश्वासावर चालतो. आणि ज्याच्याकडून धान्य घ्यायचे व ज्याला मीठ द्यायचे तो माणूस एकच असतो. त्याला ओले मीठ देऊन कोरड्या धान्याची अपेक्षा धरता येत नाही.

माल वाहण्याची साधने या वाटेवर बदलत गेली. बैलगाडीचा काळ सर्वांच्या ऐकिवात आहे. गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे बांबूच्या कामट्यांची तट्टी लावीत. वरून घोंगडी किंवा ताडपत्री. मागची तट्टी दोरीने बांधलेली, सोडली की मोकळी. आजच्या भाषेत बोलायचे तर ते गाडीचे मागचे दारच होते, आणि एका परीने आजच्यापेक्षा समजूतदार होते, कारण ते पूर्ण काढून बाजूला ठेवता येई. मग ट्रक आले, आणि त्यांच्यासोबत 'हौदा' आणि 'फाळका' हे शब्द रोजच्या बोलण्यात आले. हौदा म्हणजे माल भरण्याची उघडी पेटी. फाळका म्हणजे तिची उघडता-मिटता येणारी भिंत. त्यानंतर टेम्पो. आपल्याकडे कोणत्याही लहान मालगाडीला टेम्पो म्हणतात, त्याचे मूळ पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीत आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने हॅम्बुर्गच्या जर्मन कारखान्याचे नाव उचलले आणि ते खेडोपाडी सामान्यनाम होऊन बसले. २००५ मध्ये टाटांची एस आली. तिला लोकांनी 'छोटा हत्ती' केले. पण घाटरस्त्यावर आणि कच्च्या पाडेवाटेवर खरा जम बसला तो जीपच्या वंशातल्या पिकअपचा. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीप जुळवायला घेतली, त्या घराण्याची ही पुढची पिढी. ज्या बोलेरोच्या नावाने ही पिकअप ओळखली जाते ती मोटार नाशिकच्या सातपूर कारखान्यात तयार होते, ही गोष्ट हरसूलच्या माणसाला सांगितली तर त्याला फारसे नवल वाटत नाही. आपल्या गावची वस्तू आपल्या दारात यावी हे त्याला स्वाभाविकच वाटते.

पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट लांब, आणि मोठ्या नमुन्याची भारक्षमता दीड ते पावणेदोन टन. पन्नास किलोची तीस पोती म्हणजे दीड टन. व्यापाऱ्याला हिशोब इतका सोपा पडतो म्हणून गाडी आवडते. कारखान्यातून येते तेव्हा मागे एकच सलग फाळका असतो; खालच्या बाजूला बिजागऱ्या, वरच्या दोन्ही टोकांना खिट्ट्या आणि साखळ्या. खिट्ट्या काढल्या की तो खाली पडतो. साखळी लावलेली असेल तर आडवा राहून ओट्यासारखा होतो, साखळी सोडली तर लोंबतो. काही गाड्यांचे तिन्ही बाजूंचे फाळके असे पडतात.

नाशिकच्या मोकळ्या गोदामासमोर ही रचना उत्तम. हरसूलच्या बाजारात तिची परीक्षा होते. रस्ता अरुंद; एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला बाजारकरी बायकांच्या पाट्या, मधून एस.टी. जायची. गाडी दुकानाच्या पायरीकडे पाठ करून उभी करावी तर फाळका आडवा पडायला दीड-दोन फूट जागा लागते. तेवढी जागा सोडली की गाडीचे तोंड रस्त्यात येते. फाळका लोंबता सोडला तर हमालाच्या मांडीला त्याची कड लागते. आडवा ठेवला तर हमाल मालापासून तेवढाच लांब राहतो. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेण्याआधी त्याला ते हात लांब करून ओढावे लागते. पाठीवरचे ओझे माणूस पेलतो. हात लांब करून ओढलेले ओझे कंबर मोडते. हमालीचा दर पोत्यावर ठरतो, कंबरेवर ठरत नाही. म्हणून हा तोटा कोणाच्याच खात्यात दिसत नाही.

यातून निघालेली तोड म्हणजे दुभंग फाळका. तो दोन प्रकारचा असतो आणि दोन्ही या वाटेवर दिसतात. पहिला आडवा दुभंगलेला. भाजी, आंबे, वैरण अशा उंच भरायच्या मालासाठी हौद्याच्या भिंतींवर लोखंडी जाळी चढवतात. मग मागची भिंत चार-पाच फूट उंच होते आणि सबंध खाली पाडणे दोन माणसांचेही काम राहत नाही. म्हणून खालचा मूळ फाळका पडता ठेवतात आणि वरची जाळी दोन झडपांची करतात. दुसरा उभा दुभंगलेला. यात सबंध फाळकाच मधोमध चिरून घराच्या दारासारखा दोन झडपांचा करतात. बिजागऱ्या खाली नसून दोन्ही अंगांना असतात. गॅरेजमध्ये या झडपेला 'पल्ला' म्हणतात. दुकानाच्या पायरीला गाडी चिकटवून एकच झडप उघडायची, हमाल थेट मालाच्या तोंडाशी उभा राहतो, आणि उरलेली अर्धी भिंत आपल्या जागी राहून पोत्यांना धरून ठेवते. मीठ इथे उतरायचे आणि खत पुढच्या पाड्यावर न्यायचे असेल तर डावीकडे मीठ, उजवीकडे खत असे भरले की एकाला हात लावताना दुसरे हलत नाही. ही सोय लहान नव्हे.

पण दार आले की दाराची दुखणीही येतात. पडत्या फाळक्याचे सगळे वजन खालच्या लांब बिजागरीवर सारखे बसते. झडपेचे वजन बाजूच्या दोन-तीन बिजागऱ्यांवर लोंबते. खड्ड्यांच्या रस्त्यावर चार-सहा महिन्यांत झडप खाली बसते. मग बंद करताना ती गुडघ्याने उचलून खिट्टीत घालावी लागते. दुसरी गोष्ट क्रमाची. दोन झडपांपैकी एकीच्या कडेला पट्टी असते आणि ती दुसरीवर चढते. त्यामुळे कोणती आधी उघडायची व कोणती शेवटी लावायची हे ठरलेले असते. चालकाला ते माहीत असते. घाईत मदतीला आलेल्या मुलाला नसते, आणि पट्टी वाकते. तिसरी गोष्ट उताराची. गाडी चढावर वा उतारावर उभी असली की मोकळी झडप आपण होऊन फिरते. तिला मागे पूर्ण वळवून हौद्याच्या बाजूला आकड्याने अडकवता आले पाहिजे. तसे नसेल तर ती रस्त्यात आडवी येते, मागचा दिवा झाकते, आणि वळणावरून येणाऱ्या वाहनाला गाडी दिसण्याआधी झडप भेटते. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट मालाच्या कलाची. घाट चढताना पोती मागे सरकून फाळक्यावर रेलतात. अशी रेललेली झडप समोर उभे राहून उघडणे म्हणजे पोते छातीवर घेणे. जाणता हमाल बिजागरीच्या बाजूला उभा राहतो, खिट्टी अर्धी काढून हाताने दाब पाहतो आणि मगच उघडतो.

एवढे सांभाळले तरी पावसाळ्यात खरा प्रश्न उरतोच, तो झाकणाचा. सलग फाळक्याच्या गाडीवर ताडपत्री बांधण्याची रीत अशी : हौद्यावर तीन-चार लोखंडी कमानी, त्यांवरून ताडपत्री, दोन्ही बाजूंना दोर हौद्याच्या आकड्यांना, आणि मागचे टोक खाली ओढून थेट फाळक्याच्या कड्यांना. फाळका एकसंध असतो तोवर हे बरोबर आहे. तो दुभंगला की ही रीत निरुपयोगी होते. झडपेला बांधलेली ताडपत्री झडप उघडू देत नाही. एक झडप उघडायची तर मागचे सगळे दोर सोडावे लागतात, आणि दोर सोडले की ताडपत्रीवर साचलेले पाणी नेमके उघड्या बाजूने आत येते. ज्या सोयीसाठी फाळका चिरला ती सोय पावसाच्या चार महिन्यांत नाहीशी होते. शिवाय दोन झडपांमधली उभी फट आणि ताडपत्रीची मागची कड जिथे भेटतात, तिथे बोटभर भोक राहते. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा भोवरा तयार होतो आणि चाकांनी उडवलेले पाणी त्या भोवऱ्याबरोबर वर येऊन याच भोकातून आत शिरते. वरून एक थेंब न पडता मागची दोन पोती भिजलेली निघतात आणि दोष चालकाला लागतो.

यावरचा तोडगा अवघड नाही. फक्त तो फाळका चिरण्याआधी सुचावा लागतो. हौद्याच्या मागच्या दोन खांबांना जोडणारी एक लोखंडी आडवी पट्टी फाळक्याच्या माथ्यावर बसवायची. उंच माल भरताना काढता यावी म्हणून ती खिट्टीवर ठेवायची. ताडपत्री बांधायची ती या पट्टीला आणि बाजूच्या खांबांना, झडपांना मुळीच नाही. पट्टीच्या पलीकडे हात-दीड हात लांबीचा पडदा मोकळा सोडायचा. तो झडपांच्या बाहेरून लोंबतो, फट झाकतो, आणि खाली दोन रबरी पट्ट्यांनी अडकवला की फडफडत नाही. झडप उघडताना रबर काढायचे, पडदा वर टाकायचा. मुख्य ताडपत्रीची एक गाठही सोडावी लागत नाही. झडपांच्या मधल्या फटीत दारांना लावतात तसली रबराची गोट बसवली की काम पुरे. पडदा बाहेरून हवा, आतून नव्हे. आत खोचलेल्या पडद्यावरून ओघळलेले पाणी पोत्यांच्याच बुडाशी जाते. ही चूक नवे बांधणारे हमखास करतात.

ताडपत्रीची जातही पाहावी लागते. मेण दिलेले सुती कॅनव्हास जड असते, भिजले की आणखी जड होते, पण ते श्वास घेते. प्लॅस्टिकची रंगीत ताडपत्री हलकी आणि स्वस्त. मात्र उन्हात भरलेल्या कोमट धान्यावर ती ताणून बांधली आणि वर पाऊस आला की तिच्या आतल्या अंगाला घाम धरतो आणि थेंब धान्यावर पडतात. तेलाचे डबे, पत्रे, साबण यांना प्लॅस्टिक चालते. भात, नागली, साखर, गूळ यांना कॅनव्हास बरे. दोरांचेही तसेच. सुताचा किंवा काथ्याचा दोर भिजला की आखडतो आणि गाठ घट्ट होते. नायलॉनचा दोर ओला झाला की किंचित सैलावतो, म्हणून घाटाच्या पायथ्याशी थांबून तो एकदा ओढून घ्यावा लागतो. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून येत नाही. भातलावणीच्या दिवसांत डोक्यावरून पाठीपर्यंत पानांचे इरले घेऊन शेतात वाकलेला माणूस पाहिला की लक्षात येते, या प्रदेशाला झाकणाचे शास्त्र फार आधीपासून अवगत आहे. इरलेही माणसाला बांधलेले नसते. ते वरून टेकलेले असते, म्हणून हात मोकळे राहतात.

हाच पेच अमेरिकेतही पडला आहे, ही माहिती मनोरंजक आहे. तिकडे पिकअप ही घराघरातली गाडी. मालाइतकाच तिचा उपयोग सहलीला आणि सुतारकामाला. तिथल्या रॅम कंपनीने २०१९ मध्ये साठ-चाळीस अशा प्रमाणात उभा दुभंगलेला फाळका आणला. तो सबंध खालीही पडतो आणि दारासारखा ८८ अंशांपर्यंतही उघडतो. फोर्डने २०२४ च्या गाडीत सबंध फाळका न चिरता त्याच्यातच एक दार बसवले. ते ३७, ७० आणि १०० अंशांवर थांबते, म्हणजे मागे जोडगाडी लावलेली असली तरी आत शिरता येते. तिकडे ताडपत्रीच्या जागी हौद्यावर घडीचे किंवा गुंडाळीचे तयार झाकण असते, आणि खरेदीदाराचा पहिला प्रश्न हरसूलच्या व्यापाऱ्याचाच असतो : हे झाकण लावले असताना ते दार उघडेल काय? ज्या झाकणाची मागची कड फाळक्याच्या माथ्यावरून खाली उतरते ते दार अडवते. ज्याची कड माथ्यावर नुसती टेकते ते चालते. हजारो डॉलरांची गाडी आणि वाघेऱ्याच्या घाटातली ताडपत्री यांना नियम एकच लागू पडतो. फरक इतकाच की तिकडे प्रमाण साठ-चाळीस ठेवण्याइतका विचार झाला आहे आणि इकडे सहसा मधोमध चिरतात. वास्तविक एका माणसाने वरचेवर उघडायची झडप लहान आणि हलकी असणे सोयीचे. एक मोठी, एक लहान अशी वाटणी इकडेही करून पाहण्यासारखी आहे.

मात्र गॅरेजकडे जाण्यापूर्वी कागदपत्रांकडे पाहावे. गाडी बँकेच्या कर्जावर असेल तर ती बँकेकडे नजरगहाण असते आणि नोंदणीपुस्तकात तशी नोंद असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या रचनेशी विसंगत असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बंधन काटेकोरपणे पाळले जावे असा निकाल दिला. म्हणून हौद्याची उंची, लांबी वा वजन बदलणारे काम परिवहन कार्यालयाला विचारल्याशिवाय करू नये, आणि दोन झडपांची रचना हवी असेल तर शक्यतो गाडी घेतानाच अधिकृत बांधणीतून घ्यावी. दावा उभा राहिला की विमा कंपनी पहिल्यांदा नोंदणीपुस्तक आणि प्रत्यक्ष गाडी यांचा मेळ घालते. २०१९ च्या दुरुस्तीने दंडही वाढले आहेत. जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. माल मागे, पुढे किंवा बाजूला हौद्याबाहेर आला तरी २०,००० रुपये. फाळका आडवा ठेवून त्यावर पत्रे वा सळया लांबवण्याची जुनी सवय आता एका खेपेत वर्षाची बचत घालवू शकते.

दंडाहून मोठी एक गोष्ट आहे आणि ती टाळून हरसूलच्या पिकअपविषयी लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या हौद्यात फक्त पोती बसत नाहीत. बाजाराच्या दिवशी, लग्नसराईत आणि विशेषतः दिवाळीनंतर, या भागातली माणसेही त्याच हौद्यातून जातात. पेठ-हरसूलकडचे मजूर द्राक्षबागांच्या कामाला गिरणारे, दिंडोरी, निफाडकडे निघतात. गिरणाऱ्याच्या टोमॅटोच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीत जागा असली की तीही भरते. उभे राहणारे सर्वांत मागे राहतात, हवा लागते म्हणून; आणि फाळक्याला टेकतात. सलग फाळका दोन खिट्ट्यांवर असतो. एक निसटली तरी दुसरी काही क्षण धरते. दोन झडपांचा फाळका बहुधा मधल्या एका खिट्टीवर उभा असतो. ती खड्ड्यात उडाली तर दोन्ही झडपा एकदम बाहेर उघडतात आणि टेकलेल्या माणसाला धरायला काहीच राहत नाही. ज्यांनी झडपा केल्या आहेत त्यांनी वर, खाली आणि मध्ये अशा तीन जागी अडसर ठेवून खिट्टीला पिन लावणे, हे मालासाठीही आवश्यक आहे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मालवाहू गाडी माणसांसाठी नाही. १९९४ च्या दुरुस्तीने मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी एवढ्यांनाच विम्याच्या छायेत घेतले. इतर प्रवासी, मग ते भाडे देऊन बसलेले असोत वा ओळखीने, त्यांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ च्या निकालात सांगितले. म्हणजे अपघात झाला तर दावा गाडीमालकाच्या घरादारावर येतो, आणि ज्या घरातले माणूस गेले त्याला तो मिळेपर्यंत वर्षे जातात. व्यापारी घरांत हा मुद्दा बहुधा नफ्या-तोट्याच्या भाषेत मांडला जातो. तसा मांडला तरी हरकत नाही, उत्तर तेच येते. पण एस.टी.ची फेरी दिवसातून मोजकी असेल आणि पाड्यावरच्या म्हातारीला बाजारातून परत जायचे असेल, तेव्हा रिकामी परतणारी पिकअप 'नाही' कशी म्हणेल, हा प्रश्न कलमांनी सुटत नाही. काही समंजस मालक पुढच्या बैठकीत चालकाशेजारी नोंदणीत मान्य असतील तेवढ्याच जणांना बसवतात आणि हौदा माणसांना बंद ठेवतात. त्यांना बाजारात थोडे वाईट बोलले जाते.

पावसाळा सरला की झाकणाचे महत्त्व कमी होते असे बाहेरच्या माणसाला वाटेल. हरसूलच्या वाटेवर उलट आहे. येणारा माल भिजला तर व्यापाऱ्याचे नुकसान; जाणारा माल भिजला तर शेतकऱ्याचे. कार्तिकात भात कापून, झोडून, वाळवून पोत्यांत भरले जाते आणि त्याच सुमारास एखादी अवकाळी सर येते. राज्याचे आदिवासी विकास महामंडळ १९७२ मध्ये स्थापन झाले, त्याचे मुख्यालय नाशिकलाच आहे; आदिवासी भागांत आधारभूत किमतीने भाताची खरेदी ते करते. या खरेदीत भातातला ओलावा सतरा टक्क्यांपर्यंतच चालतो. केंद्रावर पोत्यात सुई घालून नमुना काढतात, यंत्रात टाकतात आणि आकडा येतो. चौदा-पंधरा टक्क्यांपर्यंत वाळवलेले भात खळ्यावरून निघून केंद्रापर्यंत पोचेतो घाटातल्या एका सरीत मागच्या रांगेची दोन पोती अठरा दाखवू लागतात. आणि रांग मागची असल्याने उतरताना नेमकी तीच पहिली उतरतात, पहिला नमुना त्यांचाच निघतो. मग सगळी गाडी शंकेच्या घेऱ्यात येते. परत नेऊन वाळवायचे म्हटले तर गाडीचे भाडे दोनदा. तिथेच कोणी खाजगी घेणारा उभा असतो. तो ओले म्हणून भाव पाडतो. गाडी जिच्या पैशाची, ती बाई मुलांच्या कपड्यांचा हिशोब मनात धरून आलेली असते.

म्हणून कार्तिक-मार्गशीर्षातही जाणता चालक कमानी काढून ठेवीत नाही. कॅनव्हास आडव्या पट्टीला बांधलेलेच असते, मागचा पडदा गुंडाळून वर खोचलेला. आभाळ भरले की तो गाडी थांबवतो, पडदा खाली सोडतो, दोन रबरे अडकवतो, मधली खिट्टी हाताने हलवून पाहतो आणि पुन्हा चालू पडतो. या कामाला एक मिनिटही लागत नाही. केंद्रावर पोचल्यावर तो डावी झडप उघडतो. तिच्या आत कोणती पोती लावायची हे त्याने खळ्यावरच ठरवलेले असते.